किल्ली

खणभागातल्या मशिदीमागे आमचा मकतब.
पत्र्याचं छप्पर, अकरा चटया,
नदीवरून येणारं जानेवारीचं धुकं
आणि नबीलाल उस्ताद,
ज्यांची एक बाही कायम ओली असायची.

मंगळवारी गौसच्या अब्बांना पोलिसांनी नेलं.
मार्केट यार्डात हमाल होते. हळदीची दोन पोती.
अर्ध्या गल्लीनं जीप पाहिली,
उरलेल्या अर्धीनं ती ऐकली.

बुधवारी गौस आला.
खरं सांगते, तो यावा असंच मला वाटत होतं,
कारण पुस्तकातला पुढचा सबक चोरीचा होता
आणि मला त्याचं तोंड बघायचं होतं.
नऊ वर्षांची होते.
हे कारण नाही, नुसतं वय आहे.

उस्तादांनी पान उघडलं.
मनातल्या मनात वाचलं. मिटलं.
"हा सबक मला अजून नीट जमत नाही," म्हणाले,
"आज वुजूचं बघू."

मग मीच हात वर केला.
"उस्ताद, हात हळदीनं पिवळे असले
तर वुजू होतो का?"

हसू चटयांवरून पसरत गेलं
फाटक्या पोत्यातल्या ज्वारीसारखं.
गौसनं स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढल्या.
अब्बांचा डबा घेऊन तोही यार्डात जायचा,
त्याच्या कायद्याच्या पानापानावर
पिवळा अंगठा.

छडीकडे निघालेला उस्तादांचा हात मी पाहिला.
पोचला नाही.
ते उठले, हौदावर गेले.
तोंडावर मारलेलं पाणी आम्ही ऐकलं, तीनदा,
मग बराच वेळ काहीच नाही.

परतले ओल्या दाढीनं
आणि माझा प्रश्न खराच प्रश्न असल्यासारखं बोलले,
"होतो. हळद म्हणजे रंग.
रंग पाण्याला अडवत नाही, थर अडवतो.
मेण, डांबर, सुकलेली कणीक,
ते आधी खरवडायचं."
आणि जरा थांबून, फक्त मला,
"जैतून, कुठं थर दिसला तर सांग हं."

घरी जाऊन मी माझी नखं बघत बसले.

सुटताना त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली,
गौसच्या मुठीत ठेवली.
"उद्यापासून दार तू उघडायचं."
अमानत हा सबक मागच्या आठवड्यातच झाला होता,
त्यांनी त्याची आठवण काढली नाही.

गुरुवारी सव्वासहा. साडेसहा.
दाराला कुलूप, नाकाला गारठा.
"विकली असेल," कुणीतरी म्हणालं.
"पायरीवर बसू," उस्ताद म्हणाले,
"पाठ असलेलं म्हणायला दार कशाला लागतं?"
छोट्या यास्मिनचा मफलर बांधायला ते वाकले
आणि त्यांच्या खिशात काहीतरी किणकिणलं.

त्यांनी खिशावर तळवा ठेवला.
माझ्याकडे पाहिलं.
ऐकणारी मी एकटीच होते,
आणि वर्गात चहाडखोरही मीच.

ओठांपर्यंत आलेली गोष्ट परत गिळली
अशी ती माझी पहिली सकाळ.
गार होती, घशातून उतरताना कळली.

मग गौस धावत आला, धापा टाकत,
कुलपाशी झटापट करत.
कोपऱ्यावर डोक्यावरून शाल घेतलेला
एक माणूस थांबला होता,
रात्रीच जामिनावर सुटलेला.
पुढं आला नाही.
उस्तादांनी तिथूनच त्याला सलाम केला,
रोज करतात तसा, कमी नाही, जास्त नाही.

किल्लीवर पिवळा डाग होता,
मुलाच्या बोटाहून रुंद.
उस्तादांनी तो पुसला नाही.
संध्याकाळी किल्ली पुन्हा गौसच्याच खिशात.

चोरीचा सबक आम्ही वाचला थेट मार्चमध्ये.
वाचला गौसनंच.
एका शब्दावर अडखळला.
अवघडच होता तो शब्द,
माझंही तिथंच चुकायचं.